57 मिलिमीटरमध्ये दोन प्लग

एरंडोलला हायवेलगतच्या कुठल्याही गॅरेजात गाडी न्या, मेकॅनिक आधी प्लग काढतो. तुमची तक्रार अर्धी ऐकतो आणि हात प्लगकडे जातो. टोक काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त येतंय, मिश्रण रिच. टोक चहाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. आणि पांढरं दिसलं की तो मान हलवतो, "प्लग पांढरा पडी गया भाऊ, गाडी तपी ऱ्हायनी." म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि सिलिंडर नको तेवढा तापतोय. ना थर्मोकपल, ना गॅस अॅनालायझर. सिलिंडरच्या आत काय घडतंय ते तो एका रंगावरून सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

पल्सर आली की मात्र त्याचं काम दुप्पट होतं, कारण तिच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग. त्यातला एक हाताला सहज लागतो, दुसरा एका नळीत खोल बसलेला. तो काढायला लांब पाना लागतो आणि घाईच्या दिवशी मेकॅनिक त्याला हातही लावत नाही. गाडीमालकाला बऱ्याचदा तो दुसरा प्लग आहे हेच माहीत नसतं.

आजचा लेख त्या दुसऱ्या प्लगचा इतिहास आहे. हा प्लग मद्रास उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: यात नवीन काय आहे? तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर हाच प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसच्या दुसऱ्या पानावर बसलेला असणार. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश बघू.

आधी थोडं रसायनशास्त्र. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पण इंजिन ताकद सगळ्यात जास्त देतं ते 12.5 ते 13 च्या आसपास, म्हणजे थोडं रिच असताना. सगळा ऑक्सिजन वापरला जावा म्हणून पेट्रोल थोडं जादा घालायचं. या जादा पेट्रोलचा आणखी एक उपयोग होतो, तो पुस्तकात एका ओळीत उरकतात. पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं, आणि काही कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवरच थांबतो, त्यामुळे उष्णताही कमी सुटते. थोडक्यात, जादा पेट्रोल हे इंधन कमी आणि कूलंट जास्त. हवेवर थंड होणाऱ्या, फक्त फिन्सच्या भरवशावर चालणाऱ्या इंजिनांनी कित्येक दशकं आपली उष्णता अशीच सांभाळली. सायलेन्सरमधून पेट्रोल वाया गेलं, पण पिस्टन वाचला.

याचं टोक बघायचं तर नायट्रस बघा. या विषयावर लिहायला घेतलं की कुणीतरी हमखास विचारतं, "बाईकला नायट्रस लावता येतो का?" नायट्रस ऑक्साइड म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तोच वायू. त्याच्या वजनात 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत साधारण 23 टक्के. सिलिंडरच्या उष्णतेत तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा करतो आणि फुटताना स्वतःही उष्णता सोडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांत जीएम-1 नावाची यंत्रणा होती. साधारण 8 किलोमीटरच्या वर, जिथे हवा विरळ होऊन इंजिन दमतं, तिथे ती नायट्रस सोडायची. ब्रिटिशांनी 1944 मध्ये मॉस्किटो या रात्री लढणाऱ्या विमानांत तेच केलं. जमिनीवरच्या शर्यतींत तो नंतर आला.

त्याचा नियम कडक आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला नायट्रस सुमारे 9.6 ग्रॅम लागतो, पण प्रत्यक्षात पेट्रोल या हिशोबापेक्षा बरंच जास्त सोडतात, केवळ पिस्टन थंड राहावा म्हणून. पेट्रोलचा जेट किंचित तुंबला की काही सेकंदांत पिस्टनला भोक पडतं. आता हे खान्देशात आणून बघा. नायट्रसचं क्रांतिक तापमान 36.4 अंश सेल्सिअस आहे. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतही पारा 42-43 वर असतो. म्हणजे उन्हात ठेवलेल्या बाटलीत द्रव नसतोच. दाब 72 बारच्या वर गेलेला, घनता उतरलेली, आणि जेटचं माप मात्र द्रव वाहणार हे धरून काढलेलं. ढगांच्या वर, गोठवणाऱ्या थंडीत वाढलेलं तंत्र आपल्या उन्हाळ्यात आलं की त्याचे आकडे तसेच्या तसे चालत नाहीत. प्रयोगाची परिस्थिती न लिहिता नुसते आकडे उचलणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

असो. नायट्रस हा रिचच्या बाजूचा टोकाचा खेळ. आपली पल्सर निघाली नेमकी उलट्या दिशेला.

2000 साली भारतात दुचाकींच्या धुराचे नियम कडक झाले. कार्बन मोनॉक्साइडला किलोमीटरमागे 2 ग्रॅमची मर्यादा, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून आणखी 2 ग्रॅम. 2005 पासून दोन्ही आकडे दीड ग्रॅमवर येणार होते. टू-स्ट्रोक गाड्यांचा काळ संपत आला होता. आणि गिऱ्हाईक तर आपलंच, शोरूममध्ये पहिला प्रश्न "अॅव्हरेज किती देते?" रिच मिश्रणावर या दोन्हीचं उत्तर नव्हतं. मिश्रण लीन करायला हवं होतं.

पण लीन मिश्रणाची ज्योत सावकाश चालते. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो, आणि जळणाला त्यातले क्रँकचे साधारण 40-50 अंश, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिसेकंद मिळतो. ज्योत रेंगाळली तर पिस्टन खाली निघून गेल्यावरही जळण चालूच राहतं. ती उष्णता चाकाकडे न जाता एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे जाते. पांढरा पडलेला प्लग हेच सांगत असतो. मिश्रण आणखी लीन केलं तर एखाद्या फेऱ्यात ज्योत पेटतच नाही, गाडी झटके देते आणि न जळलेलं पेट्रोल हायड्रोकार्बन म्हणून बाहेर पडतं.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. मोटारसायकलचा सिलिंडर एवढासा. पहिल्या पल्सर 150 चा बोअर 57 मिमी, स्ट्रोक 56.4 मिमी (गुणाकार करून बघा, 143.9 सीसी येतात). ज्योतीला जायचंच किती अंतर? मोठ्या सिलिंडरला दोन प्लग लावले तर समजू शकतं, इथे कशाला?

मलाही आधी असंच वाटलं होतं. उत्तर भूमितीत आहे. सिलिंडर लहान झाला की त्याच्या आकारमानाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ वाढतं. 100 मिमी बोअरच्या इंजिनाशी तुलना केली तर 57 मिमीच्या सिलिंडरला, आकार तसाच ठेवला तर, प्रत्येक घनसेंटिमीटर वायूमागे पावणेदोन पट भिंत मिळते. भिंत ज्योतीची उष्णता खाते आणि भिंतीजवळ ज्योत विझते. रिच मिश्रणाची चलाख ज्योत हे पचवते, लीन मिश्रणाची दुबळी ज्योत पचवत नाही. म्हणजे लहान सिलिंडरमध्ये अंतर कमी असलं तरी लीन जाळणं सोपं होत नाही, उलट अवघड होतं. त्यात दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मधोमध बसवायला जागा नसते. तो एका कडेला जातो, आणि ज्योतीला जवळजवळ पूर्ण बोअर ओलांडावा लागतो. समोरासमोर दोन प्लग लावले की दोन ज्योती निघतात आणि प्रत्येकीला निम्मंच अंतर उरतं. जळण लवकर संपतं, ठिणगी फार आधी टाकावी लागत नाही, उष्णता पिस्टन ढकलण्यात जाते.

हे आपोआप फुकट मिळत नाही, बरं का. मिश्रण किंचित लीन, साधारण 16 च्या आसपास असताना नायट्रोजनचे ऑक्साइड सगळ्यात जास्त बनतात, आणि जलद जळणाने ते वाढतात. त्यामुळे ठिणगी कोणत्या वेगाला नेमकी केव्हा टाकायची याचा नकाशा ठेवावा लागतो. पल्सरच्या "डीटीएस-आय" या नावातला "डिजिटल" तो. जाहिरातीत "ट्विन स्पार्क" गाजला, पण डिजिटलशिवाय ट्विन स्पार्क अर्धवट राहिला असता.

दोन प्लग ही कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या महायुद्धापासून विमानांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग लावू लागले, कारण एक बंद पडला तर विमान पडू नये. 1914 साली अल्फाने शर्यतीच्या गाडीत दोन प्लग वापरले. 1980 च्या सुमारास निसानने कारच्या इंजिनात दोन प्लग घातले ते धूर कमी करण्यासाठी. जळालेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला की मिश्रण मंद पेटतं, ते नीट पेटावं म्हणून. 1987 ची अल्फा रोमिओ 75 ट्विन स्पार्क, तिचा बोअर 84 मिमी. 2001 मध्ये जपानात आलेल्या होंडा फिटच्या 1.3 लिटर इंजिनालाही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, बोअर 73 मिमी. भारतात हेच आय-डीएसआय नाव 2003 च्या होंडा सिटीवर आलं.

आता आकुर्डीला या. बजाज ऑटोने 1960 पासून दशकभर इटलीच्या पियाजियोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, पुढे कावासाकीच्या तंत्रावर मोटारसायकली. दुसऱ्याचं रेखाचित्र घेऊन चांगलं उत्पादन करणं ही त्या काळातल्या जवळपास सगळ्या भारतीय वाहन उद्योगाची रीत होती. नोव्हेंबर 2001 मध्ये पल्सर आली. 16 जुलै 2002 ला बजाजने चार स्ट्रोकच्या सुधारित इंजिनासाठी भारतात पेटंटचा अर्ज केला. 2003 मध्ये डीटीएस-आय पल्सर रस्त्यावर आल्या आणि 7 जुलै 2005 ला पेटंट मंजूर झालं, क्रमांक 195904.

तुम्ही पेटंट कधी वाचलं नसेल तर एकदा जरूर वाचा. शोधनिबंधापेक्षा त्याची भाषा रुक्ष असते, पण एक गुण असतो. शेवटी दाव्यांचा भाग येतो आणि तिथे लेखकाला नेमकं सांगावंच लागतं की माझं काय आहे. बजाजने "दोन प्लग माझे" असा दावा केलाच नाही, करताच आला नसता. दावा असा: एकच सिलिंडर असलेलं लहान इंजिन, बोअर 45 ते 70 मिमी, त्यात जवळजवळ समोरासमोर दोन प्लग, आणि त्यातला निदान एक प्लग वंगणाच्या तेलापासून वाचवणाऱ्या नळीत बसवलेला. एरंडोलच्या मेकॅनिकला लांब पाना शोधायला लावणारी नळी ती हीच. बारक्या हेडमध्ये तेलाच्या भागातून वाट काढत दुसरा प्लग आत न्यायचा तर नळी लागणारच. लीन मिश्रण नीट जाळणं हा या सगळ्याचा हेतू.

73 मिमीची होंडा आणि 70 मिमीची मर्यादा, ते तीन मिलिमीटर डोळ्यांत भरतात. पण याला नुसती चलाखी म्हणू नका. लहान सिलिंडरची अडचण वेगळी असते हे आपण वर पाहिलंच. मर्यादा कुठेतरी आखावी लागते.

2007 मध्ये टीव्हीएसने फ्लेम नावाची 125 सीसी गाडी जाहीर केली. तिला तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. टीव्हीएसने बजाजचं पेटंट रद्द व्हावं म्हणून अर्ज केला, बजाज मद्रास उच्च न्यायालयात गेली. टीव्हीएसने होंडाचं 1985 चं अमेरिकी पेटंट समोर ठेवलं. एका सिलिंडरला दोन प्लग जगाला आधीच माहीत होते, लहान बोअरला तेच लावणं हा शोध कसला? बजाजचं उत्तर, आमचा शोध सुट्या भागांत नाही, या मापाच्या सिलिंडरमध्ये ते एकत्र आणून लीन मिश्रण जाळण्यात आहे.

16 फेब्रुवारी 2008 ला एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने मनाई हुकूम दिला. शोधाचा गाभा लहान बोअरमधले दोन प्लग हा आहे, व्हॉल्व्ह दोन की तीन याने तो बदलत नाही, असा त्यांचा कल होता. टीव्हीएसने त्या वर्षी फ्लेम एकाच प्लगवर विकायला काढली. 18 मे 2009 ला खंडपीठाने तो हुकूम उठवला. तिथे व्हॉल्व्हच्या संख्येला वजन आलं: बजाजचं वर्णन दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचं, समोरची गाडी तीन व्हॉल्व्हची. 16 सप्टेंबर 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकू दिली, पण विक्रीचा चोख हिशोब ठेवायला सांगितलं आणि मूळ खटला रोज सुनावणी घेऊन 30 नोव्हेंबरपर्यंत निकाली काढायला सांगितलं. बौद्धिक संपदेचे खटले वर्षानुवर्षं तात्पुरत्या हुकमांभोवतीच फिरत राहतात, ही न्यायालयाची तक्रार त्या आदेशात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात वाद मिटला 2019 मध्ये, दोन्ही कंपन्यांच्या तडजोडीने.

म्हणजे बघा, त्या पेटंटमध्ये खरोखर नवीन काय होतं याचं अंतिम उत्तर कुठल्याच न्यायालयाने दिलं नाही. 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 13(4) तर सरळ सांगतं की पेटंट मंजूर झालं म्हणून ते वैध आहे याची हमी नाही. रेफरीने पेपर स्वीकारला म्हणून तो बरोबर ठरत नाही, तसंच.

माझं मत विचाराल तर मी दोन भाग करतो. भौतिकशास्त्राच्या बाजूने बजाजचा प्रश्न खरा होता. मोठ्या बोअरमध्ये दोन प्लगने सुटणारी अडचण म्हणजे लांब अंतर आणि नॉकिंग. लहान बोअरमधली अडचण म्हणजे भिंतीजवळ विझणारी दुबळी ज्योत. उपाय एकच दिसतो, पण रोग वेगळा. दुसऱ्या रोगावर तोच उपाय चालतो हे दाखवणं याला मी संशोधन म्हणेन. मात्र निसानने मंद पेटणाऱ्या मिश्रणासाठी हाच उपाय वीस वर्षं आधी केला होता, हेही विसरता येत नाही. म्हणून सगळं वजन "लहान" या शब्दावर येतं. 45 आणि 70 हे आकडे कशावरून, त्या पट्ट्याच्या आत आणि बाहेर लीन मिश्रणाची मर्यादा किती सरकते, एक प्लग आणि दोन प्लग यांची त्याच हेडवर तुलना काय सांगते, अशी मोजमापं जितकी भक्कम, तितका दावा भक्कम. तुमच्या मार्गदर्शकांनी "रेंज का निवडली?" असं विचारलं की राग येतो ना? तो प्रश्न ते उगीच विचारत नाहीत.

पुढे काय झालं? 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं. इंधन इंजेक्शन आलं, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर आला. तीन प्रकारचं प्रदूषण एकदम साफ करणारा कॅटॅलिस्ट नीट चालतो तो 14.7 च्या अगदी जवळ, त्यामुळे मिश्रण फार लीन ठेवण्यात अर्थ उरला नाही. ज्या कारणासाठी दुसरा प्लग आला ते कारण पातळ झालं, तरी पल्सर 150 ने तो सोडला नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती 2012 ची. त्या वर्षी जानेवारीत चाकणच्या बजाजकडून 200 सीसीच्या दोन गाड्या पुढे आल्या. पल्सर 200 एनएस आणि केटीएम 200 ड्यूक. दोन्हींचा बोअर 72 मिमी, दोन्हींचा स्ट्रोक 49 मिमी, दोन्हींना पाण्याचं कूलिंग, दोन्हींना चार व्हॉल्व्ह. ड्यूकला दोन कॅम, इंधन इंजेक्शन, मधोमध एक प्लग, आणि ताकद थोडी जास्त. पल्सरला एक कॅम, कार्बोरेटर आणि तीन प्लग. 72 मिमी म्हणजे पेटंटच्या 70 च्या बाहेर.

दोन्ही गाड्या आमच्याकडच्या गॅरेजात येतात. मेकॅनिक पल्सरचे तीन प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडतो आणि तिन्हींचे रंग वेगळे दिसले की माझ्याकडे बघतो. त्याचं कारण मी त्याला समजावतो, आणि ड्यूकला एकच का, हे तो मला विचारतो.